गाडी आली, शिकवणी राहिली : कचरा वर्गीकरणावर वाचकांचे प्रश्न

ओला-सुका वेगळा करण्याबद्दल आलेल्या पत्रांत दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, आम्ही वेगळा करतो पण पुढे तो एकच होतो. दुसरी, या कामाला पैसा नेमका कुठून येतो आणि कुठे जातो ते कळत नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : आम्ही घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतो, पण घंटागाडीवाला आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच बाजूला ओततो. नगरपालिकेत सांगितलं तर "गाडीला कप्पे आहेत" एवढंच उत्तर मिळतं. मग वेगळा करायचाच कशाला? (एक गृहिणी, सांगली जिल्हा)

गाडीला कप्पे असतीलही. ते केवढे आहेत ते बघा. बहुतेक ठिकाणी छोट्या टिपरच्या हौद्यात बरोबर मध्यावर पत्रा मारलेला असतो, आणि घोटाळा तिथेच आहे.

हिशेब मांडून पाहू. एका फेरीत ३५० घरं धरली आणि घरटी रोज ६०० ग्रॅम ओला व २५० ग्रॅम सुका कचरा धरला, तर ओला होतो २१० किलो आणि सुका जेमतेम ८७ किलो. वजनात ओला अडीचपट. पण ओला कचरा दाबून बसतो, एका घनमीटरात साडेचारशे किलोच्या आसपास मावतो, म्हणून त्याला जागा लागते अर्ध्या घनमीटरापेक्षाही कमी. सुका म्हणजे पुठ्ठे, बाटल्या, वेफर्सची पाकिटं. एका घनमीटरात सत्तर किलो बसला तरी खूप. त्याला सव्वा घनमीटर जागा हवी. हौदा दोन घनमीटरचा असेल आणि पत्रा मध्यावर असेल, तर सुक्याची बाजू फेरी संपायच्या आधीच भरते आणि ओल्याची अर्धी रिकामी असते. चालक मग रिकाम्या बाजूला टाकतो. तो आळशी आहे म्हणून नव्हे. पुढची साठ-सत्तर घरं तशीच सोडता येत नाहीत म्हणून.

उपाय फार खर्चाचा नाही. पत्रा सरकवून एक तृतीयांश ओला आणि दोन तृतीयांश सुका असे कप्पे करायचे. पत्रा हौद्याच्या पूर्ण उंचीचा हवा, आणि हौदा उलटताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या रिकाम्या करता आल्या पाहिजेत, नाहीतर घरोघरी वेगळा घेतलेला कचरा छाननीच्या शेडच्या दारात एकत्र होतो. ओल्या बाजूच्या तळाला पाणी निघायला तोटी असावी. सॅनिटरी कचऱ्यासाठी (पॅड, डायपर) बाहेरून वेगळी पेटी टांगावी. गाड्या बदलायच्या नसतील तर वेळापत्रक बदला : ओला रोज, सुका आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी. सुका कचरा घरात चार दिवस राहिला तरी कुजत नाही.

दुसरं कारण गाडीत नाही, ठेक्याच्या कागदात असतं. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर कचरा जितका ओला, मिसळलेला आणि दगडामातीचा, तितकं त्याचं बिल मोठं. वर्गीकरण करून सुका परस्पर रद्दीत गेला तर त्याचंच उत्पन्न घटतं. अशा ठेक्यात कितीही जनजागृती करा, ठेकेदाराचं हित उलट्या दिशेला ओढत राहणार. ठेका घरांच्या संख्येवर किंवा वेगळ्या आलेल्या कचऱ्याच्या वजनावर असायला हवा आणि मिसळलेल्या फेरीला दंडाची अट हवी.

नगरपालिकेला लेखी विचारताना "कचरा का मिसळता?" असं विचारू नका. "सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये गेल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला किती किलो सुका कचरा आला आणि त्यातला किती विकला गेला?" असं विचारा. वर्गीकरण खरंच होत असेल तर हा आकडा त्यांच्याकडे असतोच. नसेल, तर तेच उत्तर.

तोवर घरात वेगळं ठेवणं थांबवू नका. स्वच्छ कोरडा कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा रद्दीवाल्याला थेट द्या. गाडीत फक्त ओला जाईल असं केलंत तर मिसळायला काही उरतच नाही.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत साधारण बारा हजार घरं आहेत. जनजागृतीसाठी पाच लाख रुपये ठेवले आहेत. प्रशासनाच्या यादीत फ्लेक्स, पथनाट्य, गाडीवरचं गाणं आणि एक मॅरेथॉन आहे. हा पैसा उपयोगी कसा लावता येईल? (एक नगरसेविका, विदर्भ)

यादीतली मॅरेथॉन आधी काढा. फ्लेक्सही काढा; त्यावर कचऱ्यापेक्षा चेहरे जास्त असतात आणि आठवड्याने तो फ्लेक्सच कचरा होतो. गाण्याने गाडी आल्याचं कळतं, करवंटी कुठल्या डब्यात टाकायची ते कळत नाही. आणि लोकांचं अडतं ते करवंटीपाशीच.

लोक शिकतात ते दारात, आपला डबा उघडून कुणीतरी दाखवल्यावर. त्याचा हिशेब असा. वॉर्डातल्याच बचत गटाच्या ताई सकाळी सात ते दहा, म्हणजे डबा दारात येतो त्याच वेळी, गाडीबरोबर फिरतील. एक ताई दिवसाला नीट बोलून चाळीस घरं करते. बारा हजार घरांना एका फेरीसाठी ३०० दिवसांची मजुरी लागते. फेऱ्या तीन हव्यात : पहिली सुरुवातीला, दुसरी तिसऱ्या आठवड्यात, तिसरी तीन महिन्यांनी. एकूण ९०० दिवस. दिवसाला ४०० रुपये मानधन धरलं तर ३ लाख ६० हजार. प्रत्येक घराला स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचं चित्रांचं कार्ड, चार रुपयांप्रमाणे ४८ हजार. उरले ९२ हजार. त्यातून चालक आणि मुकादमांचं प्रशिक्षण करा, शेडमध्ये वजनकाटा घ्या आणि काही रक्कम जूनसाठी राखून ठेवा, कारण तेव्हा भाडेकरू बदलतात आणि भाड्याच्या वस्त्यांत शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तिसरी फेरी खर्चिक वाटते म्हणून तीच पहिल्यांदा कापली जाते. ती कापू नका. पहिल्या महिन्यात उत्साह असतो; दिवाळीची साफसफाई, लग्नसराई, पाहुणे यांतून सवय निसटते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

घरोघरी फुकट डबे वाटण्याचा प्रस्ताव येईल. १२० रुपयांचा डबा धरला तरी प्रत्येकी दोन म्हणजे २८ लाख ८० हजार, आणि निम्म्या डब्यांत पाणी किंवा गहू भरलेला दिसेल. ओल्यासाठी झाकणाची जुनी बादली आणि सुक्यासाठी खिळ्याला टांगलेली गोणी पुरते.

क्रम चुकला तर सगळं वाया जातं. आधी गाडीचे कप्पे, मग चालकांची दोन दिवसांची तयारी, मग सहाशे ते आठशे घरांचा एकच वॉर्ड चार आठवडे, आणि तो बसल्यावर पुढचा. सगळ्या शहरात एकाच दिवशी शुभारंभ केला की फोटो छान येतात आणि पंधरा दिवसांत मिसळलेला कचरा परत सुरू होतो. पहिल्या आठवड्यात फक्त सांगायचं; दुसऱ्यात चुकलेल्या डब्यावर पिवळी चिठ्ठी; तिसऱ्यात मिसळलेला डबा उचलायचा नाही; चौथ्यात दंड. तिसऱ्या आठवड्यात नगरसेवकांचे फोन वाजायला लागतात. तेव्हा तुम्ही "या वेळी उचला" म्हणालात तर पाच लाख गेले असं समजा.

कार्ड छापण्याआधी शेडवरच्या माणसाला विचारून यादी ठरवा, कारण खताची पद्धत बदलली की यादीही बदलते. नारळाची करवंटी आणि शेंडी साध्या खड्ड्यात महिनोन्महिने तशीच राहते. ती वेगळी घेतलेली बरी. निर्माल्य ओल्यात, पण हारातला दोरा आणि प्लास्टिकची फुलं काढून. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, खरकटा टिश्यू ओल्यात. केर सुक्यात. चुलीची राख दोन्हीत नाही, झाडाला घाला. ताईंना ही उत्तरं तोंडपाठ हवीत. दोघींनी दोन उत्तरं दिली की तिसऱ्या घरात कुणी ऐकत नाही.

परिणाम मोजायचा तर दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून पन्नास घरं निवडा आणि डबा उघडा. एकापेक्षा जास्त चुकीची वस्तू नसेल तर बरोबर. याच्या शेजारी शेडमधून निघालेल्या टाकाऊ, म्हणजे खतालाही विक्रीलाही न चालणाऱ्या मालाचं वजन लिहा. डबे बरोबर आणि टाकाऊ माल मात्र तेवढाच, असं दिसलं तर गडबड गाडीत आहे.

घर आणि शेड यांच्यात काम कसं वाटावं यासाठी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरातच चार प्रकारांत कचरा घेतला गेला आणि पुढे शेडवर त्याचे वीसहून अधिक प्रकार पाडले गेले. कचरा डेपोची जागा लोक बघायला येतील अशी झाली. नागरिकांवरचा बारीक वर्गीकरणाचा भार कमी आणि शेडवरचा जास्त, ही वाटणी त्यात महत्त्वाची. पणजीने सोळा प्रकारांचं वर्गीकरण आखलं, पण एवढे डबे कुठल्याच घरात मावत नाहीत. ते वसाहतीत ठेवावे लागतात.

निधीबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्या. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहराला कचऱ्याच्या प्रकल्पासाठी केंद्राचा वाटा ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहराला ३३ आणि दहा लाखांवरच्या शहराला २५ टक्के आहे. हा पैसा मुख्यत्वे यंत्रं आणि बांधकामासाठी. पुढची दहा वर्षं ते चालवणं आणि लोकांना शिकवत राहणं नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतं, आणि अंदाजपत्रकात त्याच रकमेला कात्री लागते.

प्रश्न : आमच्या गावाची लोकसंख्या ३,२०० आहे. ग्रामपंचायतीला कचऱ्यासाठी किती पैसे मिळू शकतात आणि काय घ्यावं? विक्रेते रोज नवीन यंत्र दाखवायला येतात. (एक उपसरपंच, सातारा जिल्हा)

स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) टप्पा २ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि त्यावरच्या गावाला माणशी ४५ रुपये अशी मर्यादा आहे. तुमचे होतात १ लाख ९२ हजार. यातले ७० टक्के, म्हणजे १ लाख ३४ हजार ४०० अभियानातून, आणि ३० टक्के, म्हणजे ५७ हजार ६०० वित्त आयोगाच्या अनुदानातून ग्रामपंचायतीने घालायचे. सांडपाण्याचे पैसे वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामपंचायत अनुदानात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे होते, निम्मे स्वच्छतेला आणि निम्मे पाण्याला. उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेतून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही असा नियम होता. यापुढच्या हप्त्यांसाठी पंचायत समितीकडून चालू वर्षाचं पत्र मागून घ्या. जुन्या टक्केवारीवर आराखडा बसवू नका. आणि हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पैसे असूनही खर्च करता येणार नाहीत. ग्रामसभेत आराखडा ठरतो तेव्हाच ते घाला.

आता काय घ्यायचं. दोन तीनचाकी गाड्या, कप्प्यांसकट. पंधरा बाय वीस फुटांची पत्र्याची शेड, पक्की फरशी, आत पाच खण. शंभर किलोचा काटा. हातमोजे, गमबूट, मास्क. एवढंच. प्लास्टिक दाबायचं किंवा तुकडे करायचं यंत्र गावाने घेऊ नये. त्यासाठी तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र, १६ लाखांपर्यंत, याच अभियानात आहे. ३,२०० लोकांच्या गावात विकण्याजोगं प्लास्टिक इतकं कमी निघतं की ते यंत्र महिन्यातून दोनदा चालेल आणि उरलेले दिवस त्यावर धूळ बसेल.

ओल्या कचऱ्यासाठी नाडेप टाक्या बांधा असं हमखास सुचवलं जातं. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत उत्तम आहे, पण ती शेतातल्या काडीकचऱ्यासाठी बेतलेली आहे. दहा बाय सहा बाय तीन फुटांच्या, भिंतीत झरोके ठेवलेल्या टाकीत चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, नव्वद ते शंभर किलो शेण आणि सतराशे किलोंच्या आसपास चाळलेली माती थर देऊन भरायची आणि ही भरणी एक-दोन दिवसांत पुरी करायची. मग वरून शेणमातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. गावातला ओला कचरा रोज थोडा थोडा येतो. टाकी भरायलाच दोन महिने लागतात, खालचा थर कुजतो तेव्हा वरचा ताजा असतो, मध्ये उष्णता धरत नाही, माश्या मात्र धरतात. त्यामुळे नाडेपची एक टाकी तण आणि पाल्यासाठी ठेवा आणि घरच्या ओल्यासाठी तीन बाय तीन बाय अडीच फुटांचे चार-पाच छोटे खण आळीपाळीने वापरा. तेही आधी पंधरा दिवस वजन करून. ज्या गावात गुरं आहेत तिथे निम्म्याहून जास्त ओला कचरा गव्हाणीत जातो आणि बांधलेले खण रिकामे पडतात.

खरा प्रश्न चालू खर्चाचा. सातशे घरं, महिन्याला ३० रुपये, वसुली ८० टक्के धरली तर १६ हजार ८०० रुपये येतात. दोन माणसं अर्ध्या दिवसाला, प्रत्येकी ९ हजार, आणि दुरुस्ती ३ हजार, असा खर्च २१ हजार. महिन्याला ४ हजार २०० ची तूट. मजुरीचा दर त्या वेळच्या किमान वेतनाशी ताडून पाहा, मग तूट वाढेलही. ती ग्रामनिधीतून भरायचा ठराव गाडी घेण्याआधी करा. सुका माल विकून खर्च निघतो असं विक्रेते सांगतात. गावपातळीवर त्यातून हातमोजे आणि खराटे निघतात, पगार नाही.

जनजागृतीसाठी अभियानाच्या कामांवरच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत तरतूद आहे, पण ती गावाच्या वरच्या पातळ्यांवरच खर्ची पडते. गावाने तिची वाट पाहू नये. आशा ताई, अंगणवाडी आणि शाळा यांच्यामार्फत पहिल्या महिन्यात घरभेटी झाल्या तरी पुष्कळ.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची पाकिटं, थर्माकोल, औषधांच्या पट्ट्या : यांतलं खरंच काय पुन्हा वापरात येतं? (एक वाचक, नाशिक)

दुधाची पिशवी उत्तम माल आहे, भंगारात तिला भाव मिळतो. फक्त कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तो एवढासा तुकडा कुणी उचलत नाही आणि थेट गटारात जातो. चीर द्या, तुकडा पिशवीलाच राहू द्या. अर्धी वाटी पाण्याने विसळून वाळवा, ते पाणी कुंडीत घाला. न विसळलेल्या दहा पिशव्या शेडवरची अख्खी गोणी आंबवतात.

पाण्याच्या आणि तेलाच्या बाटल्या, शाम्पू-डिटर्जंटचे डबे, बादल्या, पुठ्ठा, वर्तमानपत्र, पत्रा, ॲल्युमिनियम यांना गिऱ्हाईक आहे. बिस्किटांची आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं प्लास्टिकच्या आणि धातूच्या थरांची असतात, थर सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. ती सुक्यातच टाका; दाबून सिमेंट कारखान्याच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. हा पुनर्वापर नव्हे, पण डेपोवर लोळण्यापेक्षा बरं. औषधांच्या पट्ट्यांचंही तेच. थर्माकोल हलका आणि जागा खाणारा, म्हणून वाहतूकच परवडत नाही. सरबताच्या खोक्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे थर असतात. ते वेगळे करणारे कारखाने आहेत, पण खोकं विसळून सपाट केलेलं हवं. दुकानातली चकचकीत छापील बिलं रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा थर असतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ९६ सदनिका आहेत. ओला कचरा स्वतःच जिरवा अशी नोटीस आली. शंभर किलोंपेक्षा कमी कचरा असेल तर हे लागू नाही ना? "२४ तासांत खत" करणारं यंत्र घ्यावं का? (सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

शंभर किलोंचा निकष एकटा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०२६ मध्ये 'मोठे कचरा उत्पादक' ठरायला, म्हणजे अशी नोटीस यायला, तीनपैकी कुठलाही एक निकष पुरतो : बांधकामाचं क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक, पाण्याचा वापर रोज ४० हजार लिटर किंवा अधिक, अथवा कचरा रोज १०० किलो किंवा अधिक. तुमच्याकडे घरटी ८५० ग्रॅम धरले तर कचरा ८२ किलोंच्या आसपास येईल. पण ९६ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे ५१ हजार ८४० लिटर पाणी. म्हणून तुम्ही पाण्याच्या निकषावर मोठे कचरा उत्पादक ठरू शकता. आधी पाण्याची बिलं काढा, मग नोटिशीला उत्तर द्या.

तुमच्या शहराला या विषयाची झळ बसलेली आहे. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली होती.

यंत्राबद्दल स्पष्टच लिहितो : चोवीस तासांत खत होत नाही. यंत्र अन्न वाळवून त्याचा चुरा करतं. दिसतो खतासारखा, पण पाणी लागलं की पुन्हा कुजायला लागतो आणि कुंडीतल्या मुळांना जाळतो. विक्रेत्याकडून एक किलो नमुना घ्या. मूठभर चुरा ओला करून बाटलीत झाकण लावून दोन दिवस ठेवा. घाण वास आला तर तो कच्चा. दुसरी परीक्षा, त्यात मेथीचे दहा दाणे पेरा. सात-आठ उगवले नाहीत तर कच्चा. यंत्र घेतलंच तरी तीन आठवडे मुरवायला जागा लागते आणि विजेचं बिल दर महिन्याला येतं.

जागा असेल तर विटांचे जाळीदार हौद स्वस्त पडतात. तुमचा ओला कचरा ५८ किलो धरू. प्रत्येकी १.२ मीटर लांब, १ मीटर रुंद, ०.९ मीटर उंच असे पाच हौद, तळ जमिनीपासून अर्धा फूट वर, वर पत्रा. एक हौद बसत बसत नऊ-दहा दिवसांत भरतो. पाचवा भरेपर्यंत पहिल्याला महिन्याहून जास्त विश्रांती मिळते. ओल्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या निम्म्या मापाने सुका पाला किंवा नारळाचा भुसा. सुरुवातीला जुन्या खताच्या दोन टोपल्या किंवा पातळ आंबट ताक शिंपडा.

लोक चुकतात ते सुक्या पाल्यात. डिसेंबर ते मार्च पानगळीत गोण्या भरून ठेवल्या नाहीत, तर पावसाळ्यात घालायला काही नसतं आणि जुलैत वास सुटतो. ओळख सोपी आहे. सडका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी : पाला घाला, पलटा. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे शिजलेलं अन्न जास्त, पाला कमी. मूठभर माल दाबला तर दोन-चार थेंब निघावेत. धार लागली तर ओला, काहीच नाही तर कोरडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्ये लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसा. हातात धरवत नाही इतकी तापली तर काम चालू आहे. करड्या जाड अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या अन्न खाऊन संपवतात. महिन्याभराने काढलेला माल आणखी तीन-चार आठवडे ढिगात मुरवून ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. दहा किलो ओल्यातून दीड-दोन किलो खत मिळतं, जास्त अपेक्षा ठेवू नका.

पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत आहे. तुमच्या महापालिकेच्या करविभागात अशी सवलत आहे का ते लेखी विचारा. असली तरी प्रकल्प बंद पडल्यावर ती जाते.

प्रश्न : डायपर आणि पॅड कुठल्या डब्यात? (एक वाचक, कोल्हापूर)

कुठल्याच नाही, वेगळे. २०१६ च्या नियमांत घरात तीन प्रकार होते, नव्या नियमांत चार आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (ट्यूबलाइट, बॅटरी, औषधं, रंगाचे डबे). पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने रुजवली. गाडीवरच्या माणसाला उघडून पाहावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका.

प्रश्न : गाड्या आल्यावर आमच्या भागातल्या कचरावेचक बायकांचं काम गेलं. यात पालिकेचा तरी फायदा आहे का? (एक निवृत्त शिक्षक, पुणे जिल्हा)

पैशाच्या बाजूने पाहिलं तर नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून आलेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. त्या व्यवस्थेत घरमालक महिन्याचं शुल्क थेट वेचकाला देतो, सुका माल विकल्याचे पैसेही वेचकाचे, आणि महापालिका मुख्यतः साधनं व देखरेखीचा खर्च उचलते. गाडीच्या ठेक्यात पालिकेला प्रत्येक टनाला पैसे मोजावे लागतात. शिवाय वेचकाचं उत्पन्न स्वच्छ सुक्या मालावर असल्याने दारात मिसळलेला डबा आला तर ती स्वतःच बोलते. ती रोजची शिकवणी, जिचं बिल कुणी लावत नाही.

तुमच्या नगरपालिकेत नवी निविदा निघायच्या आधी वेचकांची नोंदणी, ओळखपत्रं आणि शेडवर छाननीचं काम त्यांनाच देण्याची अट घालून घ्या. निविदा निघाल्यावर ती घालता येत नाही.

प्रश्न : मालमत्ता करासोबत घनकचरा शुल्क घेतात. ते कचऱ्यावरच खर्च होतं का हे कसं कळेल? (एक वाचक, लातूर)

नगरपरिषदेचं अंदाजपत्रक मागा. जमेच्या बाजूला "घनकचरा उपभोक्ता शुल्क" आणि "विशेष स्वच्छता कर" या दोन ओळी शोधा, खर्चाच्या बाजूला घनकचरा विभागाचा महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च. गाड्या-यंत्रांची भांडवली खरेदी बाजूला ठेवा, नाहीतर अनुदानाची रक्कम मिसळून चित्र फसवं दिसतं. बहुतेक शहरांत शुल्क खर्चाच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून "आमचे पैसे कुठे गेले" यापेक्षा "ठेकेदाराला टनामागे किती दिले आणि त्या टनांचं वजन कुणी तपासलं" हा प्रश्न जास्त कामाचा.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत. मत मागू नका, कागद मागा : वजनकाट्याच्या नोंदवहीची प्रत, ठेकेदाराच्या मंजूर बिलांच्या प्रती, जनजागृतीच्या खर्चाची देयकं. तिन्ही एका अर्जात घातलीत तर "एकापेक्षा अधिक विषय" म्हणून परत येण्याची शक्यता असते, तेव्हा तीन वेगळे अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कालावधी एका महिन्याचा लिहा, वर्षाचा नको. वर्षाचा मागितला की "माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहा" असं उत्तर येतं. आणि महिना मार्चऐवजी जुलै निवडा. पावसात भिजलेल्या कचऱ्याचं वजन आणि त्याचं बिल, दोन्ही तिथे दिसतं.